गिरकी आमच्या घरची

आन् म्हनं, वजनामुळं पडलो! अवो, भंडारा निसरडा असतो का न्हाय? तुमीच सांगा!

तुमाला सांगतो, कळंबात बिरोबाच्या जत्रंला गजी नाचतानाची पैली गिरकी ह्या महिपतीच्या घरची. मधी ढोल, भवतीनं गडी, हातात रुमाल, आन् म्होरला एका पायावर गर्रकन फिरला की मगच बाकीच्यांनी पाय उचलायचा. आज्यानं घेतली, बापानं घेतली, मेंढरामागं रानोमाळ चालत व्हतो तवर मी बी घेतली. मग कॅनॉलचं पानी आलं, मेंढरं गेली, बुडाखाली मोटारसायकल आली... आलं असंल पोट थोडं! म्हनून मानूस पडतो व्हय?

गेल्या साली पडलो, ते ढोलकऱ्याच्याच अंगावर. लगीच पुतण्या गोकुळ, "तात्या, फुडच्या साली मी घेतो गिरकी, तुमी बसून बघा." बसून बघा! अरं, भंडारा निसरडा असतो! बारामतीच्या डॉक्टरनं तर कडीच केली. "पोट पुढं आलं की तोल पुढं जातो. डोळे मिटून एका पायावर उभे राहा बरं." ऱ्हायलो. त्याचं टेबल मोडलं. घरी आल्यावर आमची कारभारीन द्वारका इचारती, "तितं बी भंडारा व्हता का?"

डोस्कंच फिरलं माजं! औंदा पुजाऱ्याला दम भरला, माजी गिरकी व्हईस्तवर कुनी चिमूटभर भंडारा उधळायचा न्हाय. बिरोबाच्या जत्रंत! म्हाताऱ्या भंडाऱ्याच्या भरल्या मुठी आवळून बसल्या, शकुबाईनं तर माज्या सात पिढ्या काढल्या. जमीन मीच झाडली, मीच सारवली. ढोल घुमला, रुमाल वर गेला, पाय उचलला, गर्रकन फिरलो... आन् मी थांबलो, पन पोट थांबायला तयार न्हाय! आडवा! कोरड्या ठक्क भुईवर!

कुनी हसलं न्हाय, बगा. तेच लागलं जिवाला. गोकुळनं हात दिला, हळूच म्हनला, "तात्या, रुमाल." दिला. काय करनार? आन् त्यो भाड्या असा फिरला, असा फिरला... माजा बापच दिसला मला त्याच्यात. आनखीनच राग आला!

मग पंच आबासाहेब म्हनले, "महिपतराव, देवाची छत्री तुमी धरा. वाऱ्यात पोरं हेलकावं खात्यात, तुमी हलनार न्हाय." धरली. ऱ्हायलो उभा मधी, दोनी पायांवर. आन् त्या म्हाताऱ्यांनी आवळून धरलेल्या सगळ्या मुठी माज्याच डोस्क्यावर मोकळ्या केल्या, पाक पिवळा केला मला! म्हनलं घाला, बायांनो, घाला... दोनी पाय भुईला असल्यावर कुठं निसरडा असतो भंडारा!