नेल्मिरीनचं बारसं

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. नाव कुणाचं असतं? ठेवणाऱ्याचं, की ज्याला ते जन्मभर चिकटतं त्याचं?

पुढच्या मावशी म्हणाल्या, ज्याचं त्याचं. बरं! मग मावशी, लग्नात तुमचं नाव बदललं, तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का कुणी? — हसू नका हो! मावशी मान हलवताहेत बघा, नाही म्हणून!

तर ऐका. कोपरगावात शैलजाआक्का नावाची बाई. शिवणाचा क्लास चालवायची. जीभ अशी तिखट, की पोरी कात्रीपेक्षा तिलाच भ्यायच्या! पण जीव लावावा तर आक्कानंच. आई गेली तेव्हा ही एकवीस वर्षांची, भाऊ पराग नऊ वर्षांचा. पोटच्या पोरासारखा वाढवला त्याला. पुढं परागचं लग्न झालं, मयूरी घरात आली, आणि आठ वर्षांनी पाळणा हलला — मुलगी!

आता नाव कानात सांगायचा मान कुणाचा? आत्याचा! तेवढं बरोबर ओरडता!

आक्कानं काय केलं? कुणाला न विचारता सोनाराकडे गेली, चांदीची वाटी घेतली आणि वर आईचं नाव कोरून आणलं — 'द्वारका'. विचारायचं कशाला? आत्या आहे मी!

बारशाच्या सकाळी पराग आला, मान खाली घालून. "आक्का, नाव ठरलंय आमचं. नेल्मिरीन."

"हे नाव आहे का खोकल्याचं औषध?"

"कादंबरीतलं आहे गं. जादूच्या राज्याची गोष्ट, त्यातल्या मुलीचं."

"म्हणजे चेटकिणीचं!"

"होडी चालवते ती, आक्का."

"मग बंदरावर ठेवा तिला!"

हसलात? पण आक्काच्या आत काय झालं ते कुणी बघितलं? अहो, डॉक्टरांनी सांगितलं होतं, यापुढं मूल नको. म्हणजे ही एकच मुलगी. आईचं नाव घरात परत यायची ही एकच वेळ! चोवीस वर्षं तिनं वाट पाहिली होती. आक्कानं मनात पक्कं केलं. कानात मी 'द्वारका'च सांगणार! एकदा सांगितलं की सांगितलं, बसा मग बोंबलत!

पण मंडळी, भांडकुदळ माणसाला एक खोड असते. मनातलं मनात राहत नाही! पाळण्याच्या आधी ती आतल्या खोलीत शिरली. मयूरी बाळाला झबलं घालत होती. आक्कानं वाटी ठाणकन समोर ठेवली. "हे आमच्या आईचं नाव. तुझ्या त्या नावाला काही अर्थ तरी आहे का गं?"

मयूरीनं वाटीवरची अक्षरं वाचली. तिचे डोळेच भरले. म्हणाली, "आहे, आक्का. पण अजून कुणी विचारलाच नाही."

बघा! ज्यानं नाव ऐकलं त्यानं नाक मुरडलं. अर्थ विचारला कुणी? शून्य!

"दोन वेळा माझा गर्भ टिकला नाही, तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी पाच महिने उताणी झोपून होते. छताकडे बघून वेड लागायची पाळी आली. हे रोज संध्याकाळी ते पुस्तक मोठ्यानं वाचायचे. पोटातलीला ऐकू जावं म्हणून. त्या राज्यात पूर आला, की आई मुलीला पैलतीरावरून हाक मारते — नेल्मिरीन! त्यांच्या भाषेत म्हणजे, 'थांब, माझ्यासाठी थांब.' मग मीही हाक मारायला लागले. पोटात दुखलं, की नेल्मिरीन. रक्त दिसलं, की नेल्मिरीन! आणि आक्का... ही थांबली हो. तुम्ही सांगाल ते नाव ठेवू. पण आतून मी तिला दुसऱ्या नावानं हाक कशी मारू?"

आक्का तिच्याशेजारी येऊन बसली. दवाखान्यात आईचा हात धरून तीही म्हणाली होती, "आई, थांब गं!" आई थांबली नव्हती. आपली हाक वाया गेली, हिची लागली, एवढं तिला कळलं, आणि ती मयूरीला कुशीत घेऊन रडली. मयूरी म्हणाली, "गुटी मात्र याच वाटीतून, आक्का."

बायकांनी पाळणा सजवला. आक्का वाकली. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आपली रीत! क्लासच्या पोरी मागं उभ्या, वर्षानुवर्षांचा राग काढायला! धपाधप! आणि आक्का त्या इवल्या कानात सांगतेय, जीभ अडखळतेय, तरी सांगतेय — नेल्मिरीन... थांब हं बाई. आमच्यासाठी थांब.

मंडळी, देवाला हजार नावं कुणी दिली? पंडितांनी बसून ठरवली? छे! ज्याचा जीव जिथं अडला, तिथं त्याच्या तोंडून जे निघालं, ते देवाचं नाव झालं!

आणि तुम्ही? नातवाचं नाव जिभेवर बसत नाही, म्हणून त्याला 'ए पोरा' म्हणता! सुनेनं ठेवलेल्या नावावर तोंड वाकडं करता! कोणत्या रात्री ते नाव तिच्या तोंडून निघालं, हे विचारलंत कधी? आज घरी गेल्यावर विचारा. त्याआधी हात जोडा, आणि तुमच्या अडल्या वेळी देवाला जी हाक मारली होती ना, तीच आता मोठ्यानं मारा!