सातव्या पट्टीवरचे तीन ठिपके

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक माननीय साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती, आपल्या प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख आदरणीय लीलाधर नाना, सौभाग्यवती काकू, माझे सहकारी, आजी-माजी प्रशिक्षणार्थी मुली आणि नरडाण्याच्या उन्हातून इथवर आलेले त्यांचे आईबाप, सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

मी प्रज्ञा शिरसाठ. या केंद्रात सहा वर्षं वेल्डिंग शिकवते. म्हणजे, शिकवते असं हजेरीपटावर लिहिलेलं आहे.

हसू नका. अजून हसण्यासारखं मी काही बोललेले नाही.

नानांबद्दल दोन गौरवाचे शब्द बोलावेत असा निरोप मला आला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. आमच्या स्नेहलताई, ज्या आज सूत्रसंचालन करत आहेत, त्यांना जरा आश्चर्यच वाटलं. "तू तर कधी माईकसमोर उभी राहत नाहीस," म्हणाल्या. खरं आहे, ताई. पण काही माणसं अशी असतात की त्यांच्याविषयी बोलायला माणूस चार चार वर्षं वाट पाहतो.

अध्यक्ष महोदय मघाशी फार छान बोलले. हात तयार करायचे तर ते उद्योगानंच करावेत, कारण कोणता हात लागतो हे उद्योगालाच कळतं. अगदी मान्य. सरकारी संस्थेत यंत्रं जुनी, मास्तरांच्या जागा रिकाम्या. आपल्या कंपनीनं इथे दहा नवी कोरी वेल्डिंग मशिनं दिली. जिल्ह्यात अशी मशिनं कुठे नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. त्यांच्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच आहे. पाहुणे आले की नाना ते स्वतः पुसून घेतात. इतकी जपणूक घरच्या टीव्हीचीसुद्धा कोणी करत नसेल.

मग मुली शिकल्या कशावर? ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेल्डिंगची कांडी जळते, वितळते, पुन्हा वापरता येत नाही. म्हणून नानांनी कांड्यांचे पुडे कपाटात ठेवले, किल्ली खिशात ठेवली आणि एक पद्धत काढली. तिला आम्ही 'कोरडा सराव' म्हणतो. मशीन बंद. लोखंडाच्या पट्टीवर खडूची रेघ. मुलीनं तोंडावर काच धरायची आणि न जळणारी कांडी त्या रेघेवरून हळूहळू फिरवायची. तीन महिने. खाटेवर झोपवून पोहायला शिकवावं, तसं. या काटकसरीबद्दल नानांना कंपनीचं प्रशस्तिपत्रही मिळालं. अध्यक्ष महोदय, ते आपल्याच हस्ते मिळालं.

आता कोणी विचारेल, मग परीक्षेत मुली पास कशा झाल्या? परीक्षेत दोन पट्ट्या जोडून दाखवाव्या लागतात. पहिल्या तुकडीच्या वेळी नाना मला म्हणाले, "प्रज्ञा, परीक्षक बाहेरून येणार. मुलींचा हात अजून बसलेला नाही. तू वीस पट्ट्या जोडून ठेव. आपल्याच मुलींचं कल्याण आहे." मी जोडल्या. त्यांच्यावर खडूनं एक ते वीस नंबर टाकले. परीक्षक आले, भरीत-पुरी जेवले, प्रत्येक मुलीला हातात पट्टी देऊन उभं केलं, फोटो काढला आणि गेले. शंभर टक्के निकाल. पुढच्या तुकडीला नाना म्हणाले, नवीन लोखंड कशाला वाया घालवायचं? ओल्या फडक्यानं जुना नंबर पुसला, नवा लिहिला. सहा तुकड्या, एकशेवीस मुली आणि त्याच वीस पट्ट्या. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. इथे शीत माझं होतं आणि हंडी रिकामी होती.

हो, मी केलं. नोकरी होती म्हणून केलं. ते लपवायला मी इथे उभी नाही.

स्नेहलताई, चिठ्ठी मिळाली. 'आवरतं घ्या' लिहिलंय. घेते हं. मुद्द्यावरच येते.

चौथ्या रांगेत मयुरी बसली आहे. मयुरी, जरा उभी राहा बाळा. बस. दुसऱ्या तुकडीतली, रोल नंबर सात. प्रमाणपत्रावर शेरा 'उत्कृष्ट'. ते घेऊन ती चाळीसगावकडच्या एका कारखान्यात गेली. गेटवरच त्यांनी तिच्या हातात कांडी दिली आणि म्हणाले, चार इंच सांधा ओढून दाखव. तिनं कांडी टेकवली. ती चिकटली. पुन्हा टेकवली, पुन्हा चिकटली. तिथला सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "आता हे सर्टिफिकेटच चिकटव पट्टीला." बाहेर वीस-पंचवीस पोरं उभी होती. सगळी हसली.

दुसऱ्या दिवशी तिची आई, भागाबाई मावशी, इथे आल्या. नानांच्या टेबलावर प्रमाणपत्र ठेवून त्यांनी विचारलं, "नाना, कागदवर बठ्ठं लिखेल शे. पोरना हातमा काहीच नही. तुम्ही शिकाडं काय?" शिकवलं का, एवढंच.

नाना, आपल्याला आठवतं आपण काय म्हणालात? मला शब्दन् शब्द आठवतो. "बाई, हे बायकांच्या हाताचं काम नाही. तुमच्या पोरीच्याच हातात दोष आहे." आणि मग माझ्याकडे वळून म्हणालात, "प्रज्ञा, समजाव यांना." मी समजावलं. मी त्या माउलीला सांगितलं, "मावशी, मुलीनं सराव केला नाही."  मावशींनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि त्या चालत्या झाल्या.

त्या दिवसापासून मला सूड घ्यायचा आहे. सभ्य समारंभात हा शब्द वापरू नये हे कळतं मला. तरी वापरते. सूड.

साहेब, आपण उठू नका. माईक बंद केला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. निंबा भाऊंच्या ग्रिलच्या दुकानात ग्राइंडरच्या आवाजावर ओरडून बोलत मी लहानाची मोठी झाले.

निंबा भाऊ माझे उस्ताद. शिंदखेड्यात त्यांच्याकडे मी हे काम शिकले. त्यांचा एकच नियम होता : "जेनं काम, तेनी खूण." आपण जोडलेल्या प्रत्येक कामावर आपली खूण ठोकायची, म्हणजे उद्या सांधा उकलला तर शिव्या कोणाला द्यायच्या ते गिऱ्हाइकाला कळतं. माझी खूण तीन ठिपके. कोपऱ्यात, पंचनं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं, ठोकलेले. हात सवयीचा गुलाम असतो. त्या वीस पट्ट्यांवरही मी ते ठोकले. खडू पुसला जातो, पंच पुसला जात नाही. नानांच्या हे सहा वर्षांत लक्षात आलं नाही, कारण नानांनी पट्टी कधी हातात धरलीच नाही.

आज पहिल्यांदा धरली आहे. मघाशी टाळ्यांच्या गजरात आपल्याला दिलेलं ते स्मृतिचिन्ह, नाना. स्मृतिचिन्ह बनवायचं काम माझ्याकडे होतं. लाकडी फळीवर पितळी पाटी आहे, आपलं नाव आहे आणि मधोमध चकचकीत केलेली सात नंबरची पट्टी आहे. उजव्या कोपऱ्यावर बोट फिरवा. काकू, आपणही फिरवून बघा.

आणि आता सर्वांनी व्यासपीठामागच्या फ्लेक्सकडे बघावं. 'गौरवशाली वाटचाल.' सहा तुकड्यांचे फोटो. ते मोठे करून छापायचा आग्रह नानांचाच होता. प्रत्येक मुलीच्या हातातल्या पट्टीचा उजवा कोपरा बघा. आमच्या कलाबाई रोज इथे झाडू मारतात. त्यांना काल ते तीन ठिपके दिसले, आज आपल्यालाही दिसतील.

अध्यक्ष महोदय, माझ्यानंतर आपण पुन्हा बोलणार आहात. एरंडोलला कंपनी मुलींसाठी नवं केंद्र काढते आहे, चाळीस मुलींनी नावं दिली आहेत आणि तिथले सल्लागार म्हणून आपण नानांचं नाव जाहीर करणार आहात. ते आपल्या हातातल्या कागदावर लिहिलेलं आहे, मला ठाऊक आहे. करा जाहीर. हे फोटो आणि माझा सहीचा कबुलीजबाब आज सकाळी परीक्षा मंडळाकडे रजिस्टर पोस्टानं गेला आहे. त्यात दोषी म्हणून पहिलं नाव माझं आहे, दुसरं नानांचं. तिसरी ओळ मोकळी सोडली आहे. दुसरं पत्र पाठवून ती भरायची की नाही, ते आजच्या आपल्या भाषणानंतर ठरेल.

आणि एक विचारते. हात उद्योगानं तयार करावेत म्हणालात. मग आपल्याच कंपनीच्या शेडमध्ये या केंद्राची एक तरी मुलगी कामाला का नाही? स्वयंपाक घरचेच जेवत नसतील तर पाहुण्यांनी काय समजायचं?

मयुरी आता निंबा भाऊंच्या दुकानात आहे. दर रविवारी मी तिला तिथे शिकवलं, मशीन चालू करून. तिच्या हातात दोष नव्हता. या सभागृहाच्या बाहेरचं नवं लोखंडी गेट तिनं जोडलं आहे. जाताना खूण बघून जा. तिची खूण सात.

समारोप करते. आयोजकांनी बोलण्याची संधी दिली, त्यांचे आभार. नानांना निवृत्तीच्या शुभेच्छा. घरी बसून राहण्याच्या. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर व्यासपीठाची क्षमा मागायची रीत आहे. व्यासपीठाची मी मागणार नाही. माफी मला दुसऱ्या एका माणसाची मागायची आहे. त्या मयुरीच्या शेजारी बसल्या आहेत. त्यांनी चार वर्षांपूर्वी नानांच्या टेबलावर एक प्रश्न ठेवला होता आणि उत्तर न घेता त्या गेल्या होत्या.

भागाबाई मावशी, नही. आम्ही काहीच शिकाडं नही. पोरनी चूक नव्हती. मी खोटं बोलनू. माले माफ करा.