हरिबाचा दुखवटा

मंडळी, पुढं सरकून बसा. मागच्या बायांचं बोलणं आटपलं की मी सुरू करतो! — हां. आज एकच विचारायचंय. माणूस मेला की खांदा द्यायला सगळं गाव धावतं. धावतं ना? मग जो मागं राहिला, त्याच्या सोबतीला किती जण जातात? बोला की!

ऐका तर. माळेवाडीत केरबा नावाचा विणेकरी. देवळात भजन लागलं की वीणा केरबाच्या गळ्यात, आणि त्याच्या उजव्या अंगाला हरिबा टाळकरी. निम्मं आयुष्य दोघं असेच उभे राहिले. हरिबाला मूल ना बाळ. घरात तो आणि बायको सगुणा. ती पौषात वारली.

गाव धावलं! दहावं झालं, तेरावं झालं. लोक जेवले, हात पुसले, आपापल्या घरी गेले. आणि मग? मग कुणी फिरकलं नाही.

आता आपली रीत काय? घरात माणूस गेलं की मागच्यानं आपणहून देवळात, लग्नाकार्यात जायचं नाही. कुणीतरी त्याचा दुखवटा काढावा लागतो. नवी टोपी घालायची, गोडाचा घास भरवायचा, हाताला धरून बाहेर आणायचं. स्वतःचा दुखवटा कुणी स्वतः काढतं का? नाही!

हरिबा वाट बघत बसला. भावकी म्हणाली, "भजनातला माणूस, मंडळ काढील." मंडळ म्हणालं, "भावकी असताना आपण कसं पुढं व्हायचं? मान त्यांचा!" — वा रे मानवाले! एकमेकांना मान देता देता माणूस घरात कुजला की!

आणि केरबा? त्याला उजवीकडं मोकळं मोकळं लागायचं. पण तो समजला, दुखवटा भावकीनं काढला असेल, हरिबाचंच मन उडालं भजनातनं, येईल यायचा तेव्हा. एकदा हरिबा ओट्यावर दिसला, दाढी वाढलेली. केरबानं सायकलवरनंच हाक दिली, "बरं हाय न्हवं?" हरिबानं मान हलवली. झाली चौकशी! हसू नका, आपणही असंच विचारतो आणि पुढं निघून जातो.

चैत्रात गावचा सप्ताह आला. टाळकरी कमी पडले, तेव्हा केरबा गेला. गरज लागली तेव्हा, मंडळी! बघतो तर चूल थंड, हरिबा भिंतीला टेकलेला.

"हरिबा, सप्त्याला चल की गड्या! रुसलास का काय?"

हरिबा बोलायला गेला, तर घशातनं आवाजच निघंना. बोलायला घरात होतं कोण? खाकरला, आणि म्हणाला, "माझा दुखवटा कुणी काढलाच न्हाई रं, केरबा."

केरबाच्या पायाखालची जमीन सरकली! लाज लाज वाटली त्याला. तडक दुकानातनं टोपी आणली, घरनं शिरा आणला, स्वतःच्या हातानं घास भरवला. हरिबाच्या गळ्याखाली तो उतरंना. तरी केरबानं हात धरला आणि त्याला देवळात नेलं.

भजन लागलं. हरिबानं टाळ उचलले — हात चालेना! चुकला, परत चुकला, आणि खांबाशी बसून ढसाढसा रडायला लागला. कुणीतरी ओरडलं, "बाजूला न्या त्याला! भजन मोडतंय!"

केरबानं वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि खाली हरिबाजवळ बसला.

"सगुणावयनी गेली त्या दिवशी काय झालं? मला सांग."

"च्या मागितला तिनं," हरिबा म्हणाला. "दूध न्हवतं. आणाया गेलो... आलो तवा संपलं हुतं. एकलीच गेली रं ती!"

इतक्या महिन्यांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. भजन संपलं, लोक पांगले, हरिबा बोलतच होता. केरबा जागचा हलला नाही.

पुढं हरिबा बरा झाला म्हणता? नाही. सगुणा काही परत येत नाही, आणि हरिबाच्या हातात टाळही पुन्हा चालले नाहीत. केरबा रोज त्याला आणायला जायचा, रोज घरी पोचवायचा. हरिबा नुसता बसून राहायचा, एवढंच. गोड शेवट हवा होता ना तुम्हाला? माझ्याकडं नाही तो.

आता "बिचारा हरिबा" म्हणून डोळे पुसू नका! आरती थोडी थांबेल, देव कुठं पळून जात नाही. शेजारी बसलेल्या माणसाकडं वळा. त्याला विचारा, घरी कोण कोण असतं? आणि त्याचं बोलून होईस्तोवर उठू नका.