अडवलेलं लायसन्स

कॅनडातल्या मिसिसागाच्या बसस्टॉपवर अरुणाताई ग्रोसरीची पिशवी बाकावर शेजारी ठेवून ऐसपैस बसल्या होत्या. बाकामागे उभ्या दोघांची मराठीतच जुंपली होती.

"स्वप्नाली, लायसन्स-वापराच्या रिपोर्टमधून बॉसचं नाव काढ."

"का म्हणून, परीक्षित? सॉफ्टवेअरची लायसन्स पाच, माणसं वीस. बॉस सकाळी ते उघडून ठेवतात नि दिवसभर मीटिंगा झोडतात. तिकडे ऊर्मी बिचारी लायसन्स मोकळं होईपर्यंत ताटकळत बसते."

"अगं, इथे कायम राहायचं तर नोकरीचं पत्र त्यांच्याच सहीचं लागेल तुला!"

"नाही दिलं तर नाही दिलं. वापरत नाही, त्यानं जागा अडवायची नाही."

"निदान उद्या पाठव."

"मघाशीच पाठवला. त्यांचं लायसन्सही काढून ऊर्मीला दिलंय."

अरुणाताईंनी बाकावरची पिशवी मुकाट्यानं मांडीवर घेतली.