दाखल्याच्या अर्जावर सही

पहिले हे सांगा भाऊ, शाळेचं नाव छापसान का? नका छापू. माहं बी नका छापू. माहेर वडनेरकडचं, सासर मोताळा तालुक्यातलं, एवढं लेहा, बस झालं. मालक शाळेत शिपाई होते, ते गेले अन् त्याइच्या जागेवर मले घेतलं, तवापासून घंटा वाजवते, खोल्या झाडते, हापिसात चहा देते.

काय सांगू तुम्हाले, दहावीचा निकाल लय पडला आमचा, लोकं तोंडावर बोलत. मंग नवे हेडसर आले. त्याइनं मास्तराइची कमिटी केली, शाळा सुधारायची म्हणे. दर शनिवारी दार लोटून बसत. मी चहा घेऊन गेली का बोलणं बंद. शाळेचं भलंच करून राह्यले तं मले पाहून गप काऊन होतेत? मनातच म्हणलं, तोंडावर कोण म्हणते.

मंग नववीतल्या काही पोराइच्या घरी चिठ्ठ्या गेल्या, येऊन भेटा म्हणून. म्याच नेल्या. एका घरी तं त्या बाईनं मले लोणचं बी देल्लं.

पुढच्या साली दहावीचा निकाल एकदम वर. फटाके, फोटो, पेढे. मी पेढे घेऊन त्याच बाईकडे गेली, तुहा पोरगा पास झाला असन म्हणलं. ते बाई म्हणे, त्याचा दाखला तं सरनं नववीतच काढायले लावला, सतरा नंबरचा फॉर्म भरा म्हणे, बाहेरून परीक्षा द्या. तो निकाल शाळेत धरत नाईत. कच्चे पोट्टे गव्हातल्या खड्यावानी येचून काढले, अन् चिठ्ठ्या वाटल्या म्या. लय लाज वाटली भाऊ. पेढ्याचा डबा तसाच वापस आणला.

यंदा माही नात नववीत हाये. लेकीची पोरगी, माह्यापाशीच राह्यते, गणितात कच्ची. दिवाळी झाल्यावर हेडसरनं मले खुर्चीवर बसवलं. इतक्या वर्षात पहिल्यांदा. तवाच समजली मी. मावशी, पोरीच्या भल्यासाठी सांगतो म्हणे, बाहेरून बसवा. अर्ज लेहून तयार, फक्त सही. म्या म्हणलं सर, कच्ची हाये म्हणून तं शाळेत घातली. ते म्हणे, तुम्हाले नोकरी बी इथंच करायची हाये ना. गोड बोलून, हासून. मी उठली, घंटेची वेळ झाली म्हणलं.

मांगून गणिताच्या मॅडम आल्या, कमिटीतल्याच. सकाळी तासभर आधी पाठवा तिले, मी शिकवते म्हणे. आता ह्याच मॅडम त्या दाराआड बसत, भरोसा कसा ठेवू? मी रोज त्या खोलीबाहेर झाडू घेऊन राह्यते. झाडलेलंच झाडते अन् आयकते. शिकवतेत, खरंच शिकवतेत, आतापर्यंत तरी.

अर्ज अजून सरच्या टेबलावर पडून हाये. रोज टेबल पुसतानी उचलते, खालची धूळ पुसते, जागच्या जागी ठेवते. देव सरचं भलं करो, मॅडमचं बी करो. सही म्या करत नाई.