ब्रेककडे एकदा बघायला हवं

प्रतिमा : निळ्या खुणा आल्यात. म्हणजे वाचलंय त्यांनी. वाचलंय आणि उत्तर नाही.

चारुदत्त : जयसिंगसर जेवत असतील.

प्रतिमा : संध्याकाळी साडेसहाला?

चारुदत्त : मग चहा घेत असतील. तू बस ना जरा. सारखी उठून खिडकीशी जातेस, मला वाटतं बेल वाजली.

प्रतिमा : इथून टॉवर दिसतो. पार गच्चीपर्यंत माळा सोडल्यात दिव्यांच्या. उद्या सकाळी पूजा, मग किल्ल्या, आणि मग सगळी बिऱ्हाडं आमच्या लिफ्टनं वर. परवा त्याच लिफ्टचा ब्रेक माझ्या डोळ्यांदेखत घसरलाय, चारुदत्त.

चारुदत्त : पण तुम्ही जास्तीचं वजन टाकलं होतं म्हणालीस.

प्रतिमा : चाचणी जास्तीच्या वजनावरच घेतात. केबिन जिथं थांबायला हवी तिथं थांबली नाही, हातभर खाली गेली. मला वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा घेतली. पुन्हा गेली. ब्रेकच्या अस्तराला तेल लागलं असावं, पण उघडून बघितल्याशिवाय मी ते म्हणणार नाही. एक दिवस लिफ्ट बंद ठेवायची, बस.

चारुदत्त : मग ठेवत का नाहीत?

प्रतिमा : कारण जयसिंगसरांकडून वर असं गेलंय की चाचणी समाधानकारक, ब्रेक निरीक्षणाखाली. मला हे आज दुपारी कळलं. लाडू खाताना. शर्मिष्ठा मॅडमनी स्वतः येऊन टेस्टिंगच्या लोकांना लाडू दिले. ‘टीम ने कमाल कर दिया’ म्हणाल्या. कंपनीच्या मालकीणबाई तोंडावर कौतुक करतायत आणि माझ्या तोंडात लाडू.

चारुदत्त : तिथंच सांगायचं.

प्रतिमा : मागे जयसिंगसर उभे होते. त्यांनी मला नागपूरहून इथं आणलंय. सगळ्यांसमोर मी त्यांना खोटं पाडू?

चारुदत्त : बरं, मग साइटवर फोन कर. लिफ्ट बंद करा म्हणावं.

प्रतिमा : साइटशी बोलायचं ते ऑपरेशन्सनं, म्हणजे जयसिंगसरांनी. टेस्टिंगनं नाही. मागं एकदा मी थेट फोन केला होता, तर जयसिंगसर कितीतरी दिवस माझ्याशी फक्त ईमेलवर बोलत होते. ऑफिसात आमची केबिनला केबिन लागून. मधल्या काचेतून मला त्यांनी टाइप केलेलं दिसायचं, आणि मग ते माझ्याकडे यायचं.

चारुदत्त : हे मी सोमवारी सांगू? नाव न घेता.

प्रतिमा : सोमवारी तू आमच्याच कंपनीत शिकवणार आहेस. नाव न घेता शिपायालासुद्धा कळेल.

चारुदत्त : तेही खरं. ‘संस्थेतला मोकळा संवाद’, दोन सत्रं, मधे जेवण.

प्रतिमा : मोकळा संवाद. मी शर्मिष्ठा मॅडमनाच लिहिते.

चारुदत्त : थांब. रागात लिहू नकोस. आधी मला सांग, इंग्रजी नंतर करू. माझं कामच आहे हे.

प्रतिमा : घे. ‘परवाच्या चाचणीत ब्रेक दोन्ही वेळा घसरला. दुरुस्तीशिवाय उद्या लिफ्ट रहिवाशांसाठी सुरू करू नये.’ झालं.

चारुदत्त : अगं, असं कुणी लिहितं का? एकदम अंगावर येतं. आधी अभिनंदन कर. मोठा प्रकल्प पुरा केलाय बाईंनी.

प्रतिमा : अभिनंदन. पुढे?

चारुदत्त : ‘घसरला’ नको. ऐकणारा आधी हा शब्द धरतो आणि पुढचं ऐकतच नाही. ‘अपेक्षेपेक्षा थोडा उशिरा लागला.’

प्रतिमा : हातभर.

चारुदत्त : आकडे मागितले तर द्यायचे. आणि ‘दोन्ही वेळा’ काढ, आरोप केल्यासारखं वाटतं. ‘सुरू करू नये’ म्हणजे तू त्यांना हुकूम देतेयस. ‘सुरू करण्याआधी विचार व्हावा.’

प्रतिमा : विचार कोणी करायचा?

चारुदत्त : ते मोघमच बरं. जयसिंगसरही दुखावणार नाहीत.

प्रतिमा : आता वाच सगळं. मोठ्यानं.

चारुदत्त : ‘प्रकल्पाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. चाचणी एकंदर समाधानकारक झाली. ब्रेक अपेक्षेपेक्षा थोडा उशिरा लागत असल्यानं लिफ्ट सुरू करण्याआधी त्याबाबत विचार...’ हं.

प्रतिमा : काय हं?

चारुदत्त : ‘समाधानकारक’ मी केव्हा घातलं?

प्रतिमा : अभिनंदनाच्या मागोमाग आलं ते. मी बघत होते. चारुदत्त, हेच वर गेलंय. हेच.

चारुदत्त : माझ्या स्लाइडवर चार पायऱ्या आहेत. वाईट बातमी एकेक पायरी चढते आणि दर पायरीला थोडी गोड होते, असं बाण काढून दाखवतो मी. इथं टेबलाशी दोघंच बसलोय.

प्रतिमा : सोमवारसाठी करत होतास? मॅडम रागावतील म्हणून?

चारुदत्त : थोडंसं. हो. पहिलं मोठं काम आहे गं माझं. पण शप्पथ, लिहिताना वाटत होतं तुलाच मदत करतोय.

प्रतिमा : जयसिंगसरांनाही तसंच वाटलं असेल.

चारुदत्त : तू त्यांना नेमकं काय सांगितलं होतंस?

प्रतिमा : सांगितलं की ब्रेक घसरतोय.

चारुदत्त : याच शब्दांत?

प्रतिमा : तू आता मला शिकवू नकोस.

चारुदत्त : शिकवत नाही. विचारतोय.

प्रतिमा : त्यांच्याकडे बिल्डरची माणसं बसली होती. चहा आला होता. मला म्हणाले, ‘काय प्रतिमा, सगळं ठीक?’ मी म्हटलं... मी म्हटलं, ‘सर, ब्रेककडे एकदा बघायला हवं.’

चारुदत्त : एकदा बघायला हवं.

प्रतिमा : ते ‘हो हो, बघू’ म्हणाले. मीही चहा घेतला. वाटलं, कळलं असेल त्यांना. एवढी वर्षं लिफ्टमध्ये काढलीयत, माझ्या तोंडाकडे बघून कळेल. आता आठवतंय तर मी हसत होते.

चारुदत्त : म्हणजे पहिली पायरी...

प्रतिमा : म्हणू नकोस. माझा फोन कुठाय?

चारुदत्त : मॅडमना करतेस? मी लिहितो पुन्हा, तुझं पहिलंच वाक्य.

प्रतिमा : त्यांना नंतर. त्या उचलतील, विचारतील, जयसिंगसरांना लावतील, ते साइटला. तोवर सगळी सजावट त्याच लिफ्टनं वर जायची. साइटला करते.

चारुदत्त : पुन्हा ईमेलवर बोलतील तुझ्याशी.

प्रतिमा : या वेळी एकच ईमेल येईल, घरी बसा म्हणून. माहितीय मला. बोलू नकोस, लागलाय.

(फोन स्पीकरवर आहे.)

रामसजीवन : नमस्ते मैडम, गार्ड रामसजीवन बोल रहे हैं.

प्रतिमा : रामसजीवनजी, लिफ्ट चल रही है?

रामसजीवन : खूब चल रही है. फूल वाले, कुर्सी वाले, सब उसी से जा रहे हैं.

प्रतिमा : अभी अंदर कोई है?

रामसजीवन : अभी तो नीचे खड़ी है, खाली. सामान रखने जा रहे थे लोग.

प्रतिमा : मत रखने दीजिए. मेन स्विच से बंद कर दीजिए. ब्रेक फिसल रहा है.

रामसजीवन : अच्छा. वो तो... साहब लोग कह गए हैं रात भर चालू रखना है. पूछेंगे किसके कहने से बंद हुई, तो?

प्रतिमा : मेरे. प्रतिमा, टेस्टिंग से. मेरा नाम लीजिएगा, और किसी का नहीं.

रामसजीवन : जी. एक मिनट, होल्ड कीजिए... लीजिए, बंद कर दी. मैडम, यहाँ एक अम्माजी खड़ी हैं, बारहवीं मंज़िल पर अपना घर देखने जा रही थीं. पूछ रही हैं काहे बंद हुई. बिजली का कह दें? बुरा नहीं मानेंगी.

प्रतिमा : नहीं. फ़ोन उनको दीजिए.

चारुदत्त : त्यांना कशाला सांगतेस? म्हाताऱ्या बाई, घाबरतील उगीच.

प्रतिमा : राहायचं त्यांना आहे ना वर.