र म्हणजे रद्दी!

हसू नका! नाही, म्हणजे हसा, पण आधी ऐका. कारण तुम्हाला सांगतो, कागदाच्या पताका दिसल्या की मी अजून रस्ता बदलतो, आणि लोक वर विचारतात, "अय्या, घरी केल्यात?" हो! घरीच केल्यात! तिथेच तर घोळ झाला ना!

झालं काय, आमच्या ऑफिसातले रेकॉर्डकाका निवृत्त होणार होते. चौतीस वर्षांच्या नोकरीतली बहुतेक वर्षं तळघरातल्या फायलींच्या खोलीत काढलेला माणूस. मी वर, आवक-जावकला. आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्रावर शिक्का, बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तर मोठ्या मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. "मागच्या निरोप समारंभाच्या थर्माकोलच्या ताटल्या पंधरा दिवस जिन्याखाली वास मारत होत्या. ह्या वेळी कचरा शून्य! कोण घेतं जबाबदारी?" आणि माझा हात वर… अहो, मी डोकं खाजवत होतो!

पण एकदा गळ्यात पडलं ना, की अंगातच आलं माझ्या! फुगे बंद, फ्लेक्स बंद, प्लास्टिकची फुलं बंद, प्रत्येकाने आपापला ग्लास घरून आणायचा. हिशेबनीस बाई घाबरत घाबरत म्हणाल्या, "टाचणी चालेल का हो?" म्हटलं, "परत नेणार असाल तर चालेल." कचरा शून्य!

सजावटीला जुन्या कागदाच्या पताका ठरल्या. आणि पाहुण्यांना भेट काय, तर बियांची कार्डं! ही आमच्या कन्येची अक्कल. जुना कागद भिजवायचा, मिक्सरमधून काढायचा, लगद्यात टोमॅटोच्या बिया घालून वाळवायचा. कार्ड कुंडीत पुरलं की रोप येतं म्हणे. बायको ओरडली, "माझ्या मिक्सरला हात लावाल तर याद राखा!" हात लावला. अजून याद राखतोय.

कागदासाठी तळघरात उतरलो. काका जेवायला गेलेले. बघतो तर रॅकभर गठ्ठे, काहींवर खडूने फुली, काहींवर खडूने 'र'. आता तुम्हीच सांगा, र म्हणजे काय? रद्दी! लहान पोरसुद्धा सांगेल! दाराजवळचा चांगला जाडजूड 'र' उचलला, काखोटीला मारला आणि थेट घरी. उघडून नीट बघितला का? नाही. काकांना विचारलं का? अहो, कसं विचारणार, सरप्राईज होतं ना! पोरीने कात्री घेतली, मी मिक्सर. कचरा शून्य!

समारंभाचा दिवस. हॉल काय दिसत होता म्हणता! ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पताका, हातात घरचे ग्लास, मॅडम खूश, मी कॉलर ताठ करून उभा. काका बोलायला उठले, सहज वर बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला… आणि वाचायला लागले. "रजा, अकरा दिवस. कारण, मुलीचा जन्म." लोकांना वाटलं, काय सुंदर सुरुवात! टाळ्या! काका पुढच्या पताकेपाशी गेले. "रजा, चार दिवस. कारण, पाठदुखी." हशा! तिसरीपाशी गेले… "तळघरात बदली. बदली रद्द करण्याचा अर्ज नामंजूर." इथे मात्र टाळ्या थांबल्या.

"हे माझं सेवापुस्तक आहे," काका म्हणाले.

सेवापुस्तक म्हणजे नोकरदाराची कुंडली हो! कधी लागला, कधी चढला, कधी आजारी पडला, सगळं त्यात. ते गेल्याशिवाय पेन्शनचा कागद हलत नाही. दुसऱ्याच दिवशी ते पेन्शन कचेरीला जायचं होतं. कुणाच्या हातून? आवक-जावकच्या! माझ्याच शिक्क्याने!

"पण काका, त्यावर तर र होता! र म्हणजे रद्दी!"

"र म्हणजे राखणे," काका म्हणाले. "रद्दीवर मी फुली मारतो."

एवढंच. ओरडले नाहीत हो! चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो. शांतपणे स्टुलावर चढले आणि एकेक पताका सोडवायला लागले, दोरीची गाठसुद्धा न तोडता.

तीन महिने झाले त्याला. तीन महिने माणूस निवृत्त आहे आणि रोज ऑफिसला येतोय. सोबत स्वतःचा ग्लास आणतो, माझ्याच नियमाप्रमाणे! माझ्या टेबलापाशी बसतो, आम्ही दोघं तुकडे जुळवतो, डिंक लावतो. त्यांची पेन्शन अडकलेली, आणि मला म्हणतात, "डिंक बेताने लावा, वाया जाईल." मन खातं हो मला!

सगळं जुळलं, फक्त पहिलं पान सापडेना. नोकरीवर रुजू झाल्याची तारीख असलेलं. ते कुठे गेलं होतं? मागच्या कोऱ्या पानांबरोबर मिक्सरमध्ये! म्हणजे कार्डांत! म्हणजे कुंड्यांत! मी खिडकी-खिडकी फिरलो, सगळ्यांच्या कुंड्या उकरल्या. मॅडमच्यासुद्धा, त्या फोनवर असताना! आणि शेवटी हिशेबनीस बाईंच्या कुंडीत, रोपाच्या बुडाशी, मिक्सरला न जुमानलेला एक तुकडा. वर तारीख, खाली सही! काकांची रुजू तारीख बाईंच्या कुंडीत रुजली होती! ओढून काढावी तर मुळं थेट सहीतून गेलेली. कुंडलीची कुंडी केली मी, दुसरं काय!

नक्कल चालेल का विचारलं, तर पेन्शन कचेरीचं उत्तर आलं, 'मूळ पान सादर करावे.' मूळ! घ्या, मुळासकट घ्या! काल जावकात नोंद केली. 'सोबत, सेवापुस्तक एक, कुंडी एक, टोमॅटो दोन, पैकी एक हिरवा.' वर शिक्का मारला. फेटाळलं तर काकांनी जायचं कुठे?

काकांनी खडू काढला, कुंडीवर 'र' लिहिला. मग माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावरही एक 'र' काढला, ग्लास उचलला आणि घरी गेले.

आता हा कुठला र? राखणे, की माझ्या भाषेतला? विचारायची छाती झाली नाही. पुसलाही नाही. पुसायचा म्हणजे फडकं आलं, फडकं धुवायचं म्हणजे पाणी आलं…

राहू दे. कचरा शून्य!